रंगाखालचे काम

बडोद्याच्या जुन्या मराठी घरांत संखेड्याची एखादी वस्तू नाही, असे सहसा होत नाही. कुणाकडे पाळणा असतो, कुणाकडे खुर्च्यांची जोडी, कुणाकडे मुलीच्या लग्नात घेतलेला चौरंग. आमच्या दांडिया बाजारातल्या घरी झोपाळा आहे. गर्द तांबडी फळी, कातीव दांड्या आणि त्यांवर सोनेरी वेलबुट्टी. आजोबांनी तो घेतला. त्यावर तीन पिढ्यांनी दुपारच्या झोपा काढल्या, सुपाऱ्या कातरल्या आणि घरातली बहुतेक भांडणेही त्यावर बसूनच मिटवली. आता येत्या दिवाळीनंतर घर विकण्याचे घाटत आहे. नव्या फ्लॅटच्या छताला कड्या नाहीत. तेव्हा झोपाळ्याचे पुढे काय, हा प्रश्न घरात प्रत्येकाच्या मनात आहे आणि कुणीच तो काढीत नाही.

परंतु आजचा विषय झोपाळा नव्हे, लॅपटॉप आहे. आमच्या थोरल्या बंधूंचा, दादांचा, जुना लॅपटॉप. त्याला मोटारीचा रंग देण्याची टूम माझ्या पुतणीने काढली, आणि तिच्या पायी गेल्या वर्षी दसऱ्यानंतर दोन-अडीच आठवडे मी एका मोटारीच्या गॅरेजात जाऊन बसत होतो. तिथे जे पाहिले ते चार लोकांना सांगावेसे वाटले, म्हणून हा खटाटोप.

चिकट झालेले झाकण

दादा निवृत्तीनंतर एकच काम करीत. घरातल्या ट्रंकेत पणजोबांच्या वेळचे मोडी कागद आहेत. नोकरीचे, जमाखर्चाचे, सोयरिकींच्या पत्रव्यवहाराचे. ते भिंग लावून वाचायचे आणि लॅपटॉपवर देवनागरीत उतरवायचे, हा त्यांचा नेम. रोज सकाळी चहानंतर झोपाळ्यावर मांडी घालून ते बसत, आणि एखादे अक्षर अडले की साऱ्या घराला हाक मारीत. ते गेले, त्याला आता तीन वर्षे होतील. लॅपटॉप कपाटात राहिला. गेल्या पावसाळ्यात पुतणीने तो बाहेर काढला, तर झाकण हाताला चिकटू लागले. पावसाळ्यात गुळाची ढेप पाझरते तसे. धूळ, केस, कपाटातल्या वर्तमानपत्राची शाई, सारे त्यावर येऊन बसलेले.

हा दोष त्या एकट्या यंत्राचा नाही. त्या काळच्या पुष्कळ लॅपटॉपांना, कॅमेऱ्यांना आणि मोटारीच्या आतल्या बटणांना कारखान्यात रबरासारख्या मऊ स्पर्शाचा एक लेप देत असत. हा लेप पॉलियुरेथेन जातीचा. हवेतला ओलावा वर्षानुवर्षे त्याच्या रेणूंची साखळी तोडत राहतो, आणि एके दिवशी लेप विरघळल्यासारखा होतो. आपल्याकडचे चातुर्मास त्याला मानवत नाहीत.

दुकानदाराने एका वाक्यात निकाल दिला, "हे भंगारात द्या, नवा घ्या." घरातही तेच मत पडले. पुतणी मात्र हटेना. "काका, खराब झालाय तो वरचा लेप. आतलं सगळं चालतंय," ती म्हणाली. तिने तो सुरू करून दाखवला. दादांनी एकशे चाळीस कागद उतरवले होते. एकशे एक्केचाळिसावा अर्ध्या ओळीत थांबला होता.

तिने पहिली गोष्ट केली ती ही, की आतले सगळे कागद दोन निरनिराळ्या ठिकाणी उतरवून ठेवले. ज्यांच्या घरी असे जुने यंत्र पडून असेल त्यांनी रंगाचा विचार बाजूला ठेवून एवढे काम आजच करावे.

मग लेप काढणे आले. आयसोप्रोपिल अल्कोहोलने भिजवलेली चिंधी आणि जुन्या प्लॅस्टिक कार्डाची कड, एवढ्या सामग्रीने ती तीन संध्याकाळी खरवडत होती. ते पाहताना मला प्रा. त्रिभुवनदास गज्जरांची आठवण झाली. सयाजीराव महाराजांनी १८९० साली कलाभवन काढले, त्याचे हे पहिले प्रमुख. रंगाचे रसायन हा त्यांचा जिव्हाळ्याचा विषय. १८९६ साली चापेकर बंधूंनी मुंबईत राणी व्हिक्टोरियाच्या संगमरवरी पुतळ्याला डांबर फासले, तेव्हा ते डाग उतरवायला सरकारला गज्जरांनाच शोधावे लागले. फासणाऱ्यांचे काम एका रात्रीत झाले. उतरवणाऱ्याला रसायनशास्त्र पणाला लावावे लागले. माझी पुतणी त्याच कलाभवनाच्या वास्तूत, म्हणजे विद्यापीठाच्या तंत्रज्ञान शाखेत शिकते. तिला ही हकिकत ठाऊक नव्हती. ऐकून ती हसली आणि पुन्हा खरवडायला लागली.

लेप निघाल्यावर खाली उरले ते काळेकरडे, ओरखड्यांनी भरलेले प्लॅस्टिक. ते आहे तसे वापरता आले असते. परंतु तिच्या मनात दुसरेच होते. ती झोपाळ्याच्या दांडीवर हात ठेवून म्हणाली, "काका, हा रंग द्यायचा."

आधी घासायचे

परदेशांत ही हौस जुनी आहे. २००४ च्या सुमारास एसर कंपनीने फेरारी मोटारीच्या लाल रंगाचे झाकण असलेला लॅपटॉप काढला. २००६ साली आसुसने लँबोर्गिनीच्या नावाचा काढला. कॅनडातल्या कॅलगरी शहरी राहुल सूद यांनी १९९१ साली सुरू केलेली व्हूडू ही लहानशी कंपनी संगणकांना मोटारीचे झगझगीत रंग देण्याबद्दल नावाजली होती. २००६ साली ती ह्यूलेट-पॅकार्डने विकत घेतली. अमेरिकेत ऑरेगन राज्यातली फाल्कन नॉर्थवेस्ट ही कंपनीही अशाच रंगकामासाठी ओळखली जाते. कारखान्यातून एकाच साच्याच्या हजारो वस्तू बाहेर पडतात; त्यांतली एक आपली म्हणून ओळखू यावी, ही त्या हौसेमागची भूक. संस्थानिकांनाही ती होतीच. इंदूरच्या यशवंतराव होळकरांनी १९३६ च्या सुमारास ड्यूसेनबर्ग मोटारीवर लंडनच्या गर्नी नटिंगकडून सांगाडा चढवून घेतला, तो भगव्या आणि काळ्या रंगांत. मोटार पाहिली की मालक कोण ते सांगावे लागत नसे.

आम्हाला अर्थात ना लंडन, ना ऑरेगन. शहरातून बाहेर पडणाऱ्या रस्त्यावर एक डेंटिंग-पेंटिंगचे गॅरेज आहे. मालक साठीच्या पुढचे. सगळे त्यांना मिस्त्री म्हणतात. विम्याच्या मोटारी आता परस्पर कंपन्यांच्या वर्कशॉपकडे जातात; मिस्त्रींकडे येतात त्या जुन्या गाड्या आणि जुनी गिऱ्हाइके. त्यांनी झाकण हातात घेऊन उजेडाकडे तिरके धरले, अंगठा फिरवला आणि पहिला प्रश्न विचारला, "आत बॅटरी आहे?" आहे म्हटल्यावर त्यांनी ते परत दिले. "नुसते वरचे पत्र्याचे, प्लॅस्टिकचे जे असेल ते सोडवून आणा. बॅटरी आणि काच माझ्या भट्टीत जाणार नाही."

त्यांचे म्हणणे बिनचूक होते. कारखान्यात मोटारीचा कोरा सांगाडा रंगवतात तेव्हा तो १४० अंश किंवा त्याहून अधिक उष्णतेत भाजतात, कारण त्या वेळी त्यात टायर, तारा, गाद्या काही नसते. पूर्ण तयार झालेल्या गाडीला पुन्हा रंग द्यायचा तर ही उष्णता चालत नाही. म्हणून गॅरेजातला रंग वेगळा असतो. त्यात ऐनवेळी हार्डनर मिसळतात. रंग मुख्यतः रासायनिक क्रियेने आवळतो, आणि ६० अंशांची अर्ध्या तासाची ऊब त्याला पुरते. लॅपटॉपच्या प्लॅस्टिकला एवढीच सोसते. लिथियमच्या बॅटरीला मात्र तीही नको.

पुतणीने घरी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उलगडला. प्रथम बॅटरीची जोडणी काढली. एका कोऱ्या कागदावर यंत्राची आकृती काढून जो स्क्रू जिथून निघाला तिथेच तो कागदावर चिकटपट्टीने लावला. पडदा सोडवला, बिजागऱ्या सोडवल्या, झाकणाच्या वरच्या कडेने गेलेल्या दोन बारीक तारा अलगद उचलल्या. उरली ती नुसती एक टरफलासारखी पाटी. ती घेऊन आम्ही पुन्हा मिस्त्रींकडे गेलो.

मला वाटले होते, आता रंगाची पिचकारी निघेल. मिस्त्रींनी साबणाचे पाणी आणि घासायचा कागद काढला. माझा चेहरा पाहून म्हणाले, "साहेब, रंग तो छेल्लुं काम. पहेलां घसवानुं."

पुढचे सात दिवस घासण्यातच गेले. आधी ४०० नंबरच्या पाण्याच्या कागदाने सारे अंग एकसारखे खरबरीत केले, कारण गुळगुळीत प्लॅस्टिकवर रंग धरत नाही. मग प्लॅस्टिकला धरणारा पातळ प्रायमर. मग ओरखड्यांत पुट्टी. ती वाळली की घासली. मग सरफेसरचे दोन हात. त्यावर मिस्त्रींनी काळी पूड चोळली. मला वाटले काही चुकले. परंतु ही युक्ती निराळीच होती. लाकडी ठोकळ्याला कागद गुंडाळून ते घासू लागले, तशी उंच जागेवरची पूड निघून गेली आणि जिथे खळगा होता तिथे काळा ठिपका राहिला. डोळ्यांना न दिसणारे अकरा खळगे त्या पुडीने दाखवून दिले. ते भरले. पुन्हा पूड, पुन्हा ठोकळा. मग ८०० नंबरचा कागद. शेवटी पाटी इतकी सपाट झाली की पाण्याचा ओघळ तिच्यावरून सरळ रेषेत उतरला. रंग अजून कुठेच नव्हता.

लाख आणि लॅकर

दुपारी काम थांबले की मिस्त्री चहा मागवीत, आणि मग बोलणे निघे. त्यांच्या तोंडी 'ड्यूको' हा शब्द वारंवार येई. आपल्याकडे सुतारही कपाटाला 'ड्यूको मारू का?' असे विचारतो. तो शब्द कुठून आला हे फारसे कुणाला ठाऊक नसते.

मोटार निघाली तेव्हा तिला घोडागाडीचाच रंग देत. तेलाचा आणि व्हार्निशचा. तो हाताने लावायचा, वाळू द्यायचा, घासायचा, पुन्हा लावायचा. एका गाडीला आठवडेच्या आठवडे लागत. फोर्डची प्रसिद्ध मॉडेल टी १९१४ ते १९२५ या काळात फक्त काळ्या रंगात मिळे. डांबराच्या जातीचा तो काळा रंग भट्टीत लवकर वाळे आणि स्वस्त पडे. ही कोंडी फोडली द्यूपाँ या अमेरिकन कंपनीने. मूळचा तिचा धंदा दारूगोळ्याचा. बंदुकीच्या दारूचा जो नायट्रोसेल्युलोज, त्याच्याच सौम्य भावंडापासून तिने पिचकारीने उडवायचा, झटपट वाळणारा लॅकर तयार केला, आणि त्याचे नाव ठेवले ड्यूको. १९२३ साली जनरल मोटर्सच्या ओकलंड गाडीला तो निळ्या रंगात लावला गेला. आठवड्यांचे काम तासांवर आले आणि मोटारी रंगीत झाल्या. पुढे नवे रंग आले, ड्यूको मागे पडला. आपल्याकडे त्याचे नाव मात्र सुताराच्या तोंडी राहिले.

गंमत अशी, की 'लॅकर' हा शब्द मूळचा आपलाच. संस्कृत लाक्षा, त्याची लाख. पोर्तुगीज व्यापाऱ्यांच्या तोंडून ती युरोपात गेली आणि लॅकर होऊन परत आली. लाख चटकन पेटते हे पांडवांना लाक्षागृहात कळले होते. नायट्रोसेल्युलोजही चटकन पेटतो, म्हणून मिस्त्रींच्या गॅरेजात विडीला बंदी आहे.

आणि लाखेचे नाव निघाले की बडोद्याच्या माणसाला संखेडा आठवायचाच. ओरसंग नदीच्या काठचे हे गाव पूर्वी आपल्याच जिल्ह्यात होते. २०१३ पासून छोटा उदेपूर जिल्ह्यात गेले. तिथले खरादी सागवान चरकावर धरून कातीव काम करतात. त्यावर जी सोनेरी वेलबुट्टी दिसते, ती सोन्याची नसते. कथील बारीक वाटून डिंकासारख्या चिकट द्रव्यात कालवतात, कुंचल्याने नक्षी काढतात आणि अकीकाच्या दगडाने घोटतात. इथपर्यंत नक्षी रुपेरी असते. मग वरून लाखेचा पारदर्शक, पिवळसर हात देतात, आणि त्या लाखेआडून कथील सोन्यासारखे दिसू लागते. कथलाचे सोने करणारी ही किमया आमच्या ओसरीवर इतकी वर्षे टांगलेली होती आणि मला तिचा पत्ता नव्हता.

मिस्त्रींना हे सांगितले तेव्हा त्यांनी एक जुना रंगवलेला पत्र्याचा तुकडा आणून दाखवला. मोटारीच्या ज्या रंगाला 'कँडी' म्हणतात तो त्यावर होता. खाली ॲल्युमिनियमच्या बारीक कणांचा रुपेरी हात, त्यावर पारदर्शक रंगीत हात, आणि त्यावर क्लिअर. उजेड वरच्या दोन थरांतून आत जातो, रुपेरी थरावर आपटून परततो, आणि रंग आतून पेटल्यासारखा दिसतो. रीत तीच. संखेड्याच्या खराद्याने आणि मोटारीच्या रंगाऱ्याने एकमेकांना न भेटता एकच गोष्ट शोधून काढली आहे.

सावंतवाडीच्या गंजिफाही याच कुळातल्या. कागदाला चिंचोक्याच्या खळीने जाडी आणायची, वर खडूचे अस्तर द्यायचे, दगडाने घोटायचे, मग चितारायचे आणि शेवटी लाखेचा हात. ही मरू घातलेली कला सावरण्यात ज्यांचा मोठा वाटा, त्या राणीसाहेब सत्त्वशीलादेवी भोसले माहेरच्या बडोद्याच्या, गायकवाड घराण्यातल्या. २०१८ साली त्या वारल्या. अस्तर, घोटणी, चितारणी, लाख. प्रायमर, ठोकळा, रंग, क्लिअर. शब्द बदलले, क्रम बदललेला नाही.

माझे बोट

आठव्या दिवशी रंगाचा दिवस ठरला. मिस्त्रींनी पाटी शेवटची पुसून टांगली आणि ते पिचकारी धुवायला गेले. ती इतकी सुरेख सपाट झाली होती, की मला राहवले नाही. मी बोट फिरवून पाहिले.

मिस्त्रींनी पहिला रुपेरी हात मारला. अर्ध्या मिनिटात मधोमध, एका ओळीत, चार-पाच बारीक गोल खळी उमटली. जणू रंग त्या जागेपासून दचकून मागे सरकला होता. रंगारी याला माशाचा डोळा म्हणतात. तेलाचा, मेणाचा किंवा सिलिकॉनचा कण खाली असला की रंग तिथे टिकत नाही. मिस्त्रींनी पिचकारी खाली ठेवली आणि गॅरेजातल्या पोऱ्याकडे पाहिले. पोऱ्या घाबरला. तेव्हा मला बोलावेच लागले. त्या सकाळी मी डोक्याला तेल लावले होते.

ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरे वाटले असते. त्यांनी तो हात वाळू दिला आणि सारी पाटी पुन्हा घासायला घेतली. माझ्या एका बोटाची किंमत चार दिवस. त्या चार दिवसांत मी गॅरेजात खुर्चीवर हात मांडीखाली घेऊन बसत होतो. पुतणी म्हणाली, "काका, बाबापण मोडी कागदाला हात लावायच्या आधी हात धुवायचे. आठवतं?" मला आठवत होते. आम्ही त्यांना त्यावरून हसत असू.

कथील की अभ्रक

पण त्या चार दिवसांत एक फायदा झाला. मध्यंतरी पुतणीला एक शंका आली. झाकणाच्या वरच्या कडेने ज्या दोन बारीक तारा निघाल्या होत्या, त्या वायफायच्या अँटेना होत्या. प्लॅस्टिकमधून लहरी सहज जातात. ज्यांचे झाकण धातूचे असते, त्या लॅपटॉपांत अँटेनापुढे मुद्दाम प्लॅस्टिकची खिडकी ठेवतात. मग आपण प्लॅस्टिकच्या झाकणावर ॲल्युमिनियमच्या कणांचा हात मारला तर?

मिस्त्री म्हणाले, मोटारीला आयुष्यभर मारला, रेडिओ कधी बंद पडला नाही. तिचे म्हणणे, मोटारीच्या रेडिओची अँटेना बाहेर असते. आणि हल्लीच्या ज्या गाड्यांच्या बंपराआड रडार बसवलेले असते, त्यांच्या बंपराला धातूच्या कणांचा जाड रंग चढवला की रडारच्या लहरी मंदावतात, हे मोटारवाल्यांनाही ठाऊक आहे. दोघे अर्धा तास वाद घालीत होते. एक गुजरातीत, एक मराठीत, आणि दोघांना सगळे कळत होते. शेवटी मिस्त्रींनी कपाटातून एक लहान डबी काढली. पर्ल. म्हणजे अभ्रकाच्या बारीक पापुद्र्यांवर टायटॅनियम डायऑक्साइडचा लेप दिलेला चुरा. अभ्रक विजेला वाट देत नाही, म्हणून लहरींनाही आडवा येत नाही. आणि उजेड मात्र परतवतो. कथलाची जागा अभ्रकाने घेतली.

दुसरा प्रश्न जाडीचा होता. प्रायमरपासून क्लिअरपर्यंत मोटारीच्या रंगाचे सारे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन होतात. आपल्या डोक्याच्या दोन केसांइतके. मोटारीच्या दाराला तेवढे खपते. लॅपटॉपच्या बिजागरीजवळची फट त्याहून फारशी मोठी नसते. तिथे रंग साचला की उघडताना घासतो आणि कड उडते. म्हणून बिजागरीच्या जागा, स्क्रूची भोके आणि पडदा जिथे बसतो ती आतली कड, सारे मास्किंग टेपने झाकले. चौकटीच्या आत रंगाचा थेंब जाऊ दिला नाही.

बाराव्या दिवशी सकाळी, हवा कोरडी आणि वारा पडलेला पाहून, मिस्त्रींनी रंग घेतला. श्रावणात त्यांनी हे काम हातीच धरले नव्हते. ओल्या हवेत हार्डनर पाण्याशी खेळतो आणि रंगात बुडबुडे येतात. आधी पर्लचा हात, मग तांबड्या पारदर्शक रंगाचे तीन पातळ हात. मग टेपची एक बारीक वेल कापून ठेवली होती ती उचलली, आणि तिच्याखालचे अभ्रक पिवळसर हातातून सोनेरी झाले. शेवटी क्लिअरचे दोन हात. पिचकारी चालली ती सारी मिळून वीस-पंचवीस मिनिटे.

मग उबेत ठेवणे, दोन दिवस कठीण होऊ देणे, १५०० आणि २००० नंबरच्या कागदाने संत्र्याच्या सालीसारखा उठलेला पोत मोडणे, आणि कम्पाउंडने चमक आणणे. पुन्हा घासणेच!

श्वासाचा हिशेब

एक गोष्ट सांगितल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही. या रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाची द्रव्ये असतात. ती श्वासावाटे आत गेली तर काही जणांना कायमचा दमा जडतो, आणि एकदा जडला की पुढे अगदी थोड्या मात्रेनेही तो उसळतो. रंगाऱ्यांच्या धंद्यातला हा जुना शत्रू आहे. वास आला नाही म्हणजे धोका नाही, असेही नाही. तोंडाला बांधलेला रुमाल याला काडीचाही अडवत नाही. बाहेरून नळीने स्वच्छ हवा पुरवणारा मुखवटाच खरा. म्हणून हौशी मंडळींनी हार्डनरचा रंग घरच्या गच्चीवर किंवा बंद खोलीत उडवू नये.

मिस्त्री रुमालच बांधत. मध्येच खोकत. त्यांचा मुलगा या धंद्यात आला नाही. मिस्त्रींनीच येऊ दिले नाही. पुतणीने हे सारे त्यांना वाचून दाखवले तेव्हा ते म्हणाले, "बेटा, चाळीस वर्षांनी सांगितलेस." तिच्याकडे उत्तर नव्हते. माझ्याकडेही नव्हते. त्यांनी झाकणाच्या मजुरीचे पैसे घ्यायचे नाकारले, तेव्हा तिने आणि तिच्या मित्रमैत्रिणींनी वर्गणी काढून हवेच्या नळीचा मुखवटा आणून दिला. दिवाळीला आम्ही फराळ घेऊन गेलो, तेव्हा तो खिळ्याला टांगलेला होता. त्याच्या काचेवर ताज्या पांढऱ्या रंगाचे तुषार होते. पाहून बरे वाटले.

लॅपटॉप आता पुन्हा ओसरीवर असतो. झोपाळ्याच्या फळीवर ठेवला तर क्षणभर दिसत नाही, इतका रंग जुळला आहे. वायफाय पूर्वीसारखेच चालते. पुतणीने मोडीचा वर्ग लावला आहे आणि दादांचा अर्धवट राहिलेला एकशे एक्केचाळिसावा कागद पुरा केला. त्यात पणजोबांनी सुताराला दिलेल्या पैशांचा हिशेब निघाला. कशाचे पैसे, ते पुढच्या कागदात असावे. तिचे वाचन चालू आहे.

ज्यांच्या घरी जुना संखेडा आहे त्यांना एक विनंती. तो मळकट झाला म्हणून त्यावर ऑइलपेंट फासू नका. खालची लाख आणि कथील कायमचे झाकले जाते, आणि ते उतरवायला आता गज्जर मिळायचे नाहीत. जाणत्या खराद्याला दाखवा. आमच्या झोपाळ्यासाठी आम्ही येत्या रविवारी संखेड्याला जाणार आहोत. छताच्या कड्यांवाचून उभा राहील असा लाकडी सांगाडा त्याला करून मिळतो का, हे तिथे विचारायचे आहे.